स्विफ्ट एलएक्सआयमध्ये साउंड सिस्टिम घरीच बसवायची आहे. वायरिंग, दारं, अ‍ॅम्प: सल्ला हवा

मंद्रसप्तक

मंडळी, मामांची २०१५ची स्विफ्ट एलएक्सआय आता माझ्याकडे आली आहे. डॅशबोर्डवर टेपच्या जागी नुसता खण. मामांना गाडीत गाणी लागत नसत, मला त्याशिवाय एक्सप्रेसवे संपत नाही. ऐकणं म्हणजे नाट्यसंगीत, भजनं, थोडी गझल. डिकी हलवायची नाहीये. डग्ग्याची घुमारी नीट ऐकू यावी आणि हार्मोनियम कानात घुसू नये, एवढीच मागणी.

दुकानांत विचारून आलो. सगळीकडे एकच पॅकेज: अँड्रॉइडचा मोठा स्क्रीन, मागच्या ट्रेवर ओव्हल (लंबगोल स्पीकर), डिकीत बासट्यूब (खर्जाचा नळकांडी स्पीकर). पुढच्या दारांचं काय, असं विचारलं तर "तिथे कोणतेही टाका, चालतात". एका ठिकाणी तर समोरच एका नव्या गाडीच्या वायरी दाताने सोलून, पीळ देऊन, वर काळी टेप गुंडाळणं चालू होतं. तेव्हाच ठरवलं की आपलं आपण करू.

बजेट २५ हजारांच्या आसपास. डबल डिन हेडयुनिट (डॅशबोर्डवरचा दुप्पट उंचीचा प्लेअर), पुढच्या दारांत साडेसहा इंची कम्पोनंट (मोठा स्पीकर वेगळा, वरच्या सुरांचा छोटा ट्वीटर वेगळा), जमलं तर फोर चॅनल अ‍ॅम्प (चार स्पीकर चालवणारा अ‍ॅम्प्लिफायर). मल्टिमीटर आणि सोल्डरिंग येतं. दाराचं पॅड (आतलं आवरण) कधी उघडलेलं नाही. मागे स्पीकर हवेतच का? अ‍ॅम्प आत्ताच घ्यावा की नंतर? आणि सुरुवात कुठून करू?

सोल्डरगन

सुरुवात खोक्यावरचे वॅट विसरण्यापासून करा.

हेडयुनिटवर "५० वॅट × ४" छापलेलं असतं. ते येतं कुठून ते बघा. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १४.४ व्होल्ट असतात. आतली चिप ब्रिज पद्धतीची असते, त्यामुळे स्पीकरला मिळणाऱ्या लाटेचं शिखर फार तर १४.४ व्होल्टपर्यंत जातं. स्वच्छ साइन वेव्ह धरली तर १.४१४ने भागा, आरएमएस (म्हणजे प्रत्यक्ष कामाचे) १०.२ व्होल्ट. त्याचा वर्ग भागिले ४ ओहम, म्हणजे २६ वॅट. चिप स्वतः थोडा व्होल्टेज खाते, म्हणून प्रत्यक्ष हातात १५ ते २०. मग ५० कधी मिळतात? लाटेचे शेंडे पूर्ण छाटले जाऊन ती चौकोनी झाली की. १४.४चा वर्ग भागिले ४, बरोबर ५२. म्हणजे छापलेला आकडा हा आवाज फाटल्यानंतरचा आहे. पीएमपीओ नावाच्या त्याहून फुगवलेल्या आकड्याबद्दल तर बोलायलाच नको.

म्हणून अ‍ॅम्प आत्ता घेणार नसाल तर स्पीकर निवडताना "किती वॅट झेलतो" हे बघू नका, सेन्सिटिव्हिटी बघा. ८८ डीबीचा स्पीकर जेवढ्या आवाजासाठी २० वॅट मागतो, तेवढा आवाज ९१ डीबीवाला १० वॅटमध्ये देतो. ३ डीबी म्हणजे दुप्पट पॉवर, हे एकदा डोक्यात बसलं की दुकानदाराचं अर्धं भाषण आपोआप बंद होतं.

मागचे स्पीकर: तुमच्या ऐकण्याला नकोत. मैफलीत गवई आपल्या पाठीमागे बसत नाही. ते पैसे दारांवर घाला.

रस्सा_मंडळ

भावा, सोल्डरगन साहेबांचं गणित झकास हाय, पण गाडीत माणसं मागं पण बसत्यात की! पोरं काय फक्त वारं खात बसणार? माझ्या गाडीत ओव्हल हायत, कोल्हापूर ते पुणे झिंग उतरत नाही. आणि दुकानात बसवलं की दोन तासांत काम खल्लास. ह्यो सगळा खटाटोप रविवार घालवायला ठीक हाय.

घाटवाट

रस्सा_मंडळ, ओव्हल वाईट नाहीत हो, हॅचबॅकच्या पातळ ट्रेवर वाईट आहेत. ट्रेच थरथरतो आणि तो स्वतःचं वेगळंच गाणं म्हणतो. शिवाय स्पीकरचे चुंबक जड असतात. जोरात ब्रेक लागला आणि ट्रे निसटला तर तो मागच्या सीटवरच्यांच्या डोक्यावर येणार. पोरं तिथेच बसतात म्हणालात ना?

मंद्रसप्तक, मी माझ्या जुन्या वॅगनआरला हे सगळं घरी केलं आहे, तर वायरिंगबद्दल सांगते. नव्या हेडयुनिटच्या वायरींचे रंग बहुतेक कंपन्यांचे सारखेच असतात. पिवळी म्हणजे बॅटरीचा कायमचा करंट, लाल म्हणजे किल्ली फिरवल्यावर येणारा, काळी अर्थिंग, निळी-पांढरी अ‍ॅम्पला जागं करणारी, नारिंगी दिव्यांसोबतची. स्पीकरला पांढरी पुढचा डावा, राखाडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा, आणि त्याच रंगावर काळी रेघ असेल तर ती निगेटिव्ह.

पण हे फक्त हेडयुनिटच्या बाजूला! गाडीच्या बाजूचे रंग गाडी बनवणाऱ्याच्या मर्जीचे. तिथे रंगावर विश्वास ठेवायचा नाही, मीटर लावायचा. किल्ली काढलेली असताना १२ व्होल्टच्या वर दाखवते ती कायमची. किल्ली एसीसीवर (इंजिन सुरू न करता पहिल्या टप्प्यावर) नेल्यावरच दाखवते ती लाल. पार्किंग लाइट लावल्यावर जागी होते ती नारिंगी. पिवळी आणि लाल उलटसुलट झाली तर प्रत्येक वेळी गाडी बंद केल्यावर घड्याळ आणि रेडिओची स्टेशनं पुसली जातात. असं होणाऱ्या बऱ्याच गाड्या रस्त्यावर आहेत आणि मालक हेडयुनिटला शिव्या देत असतात.

दुसरं, गाडीची मूळ वायर कापू नका. स्विफ्टसाठी तयार कपलर मिळतो. एका टोकाला गाडीचं सॉकेट, दुसऱ्या टोकाच्या वायरी हेडयुनिटच्या हार्नेसला (वायरींच्या जुडग्याला) टेबलावर बसून सोल्डर करायच्या, वर हीट-श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी). गाडीत नुसतं खट्कन बसवायचं. उद्या गाडी विकताना खण परत जसाच्या तसा.

मंद्रसप्तक

घाटवाट ताई, हे फार उपयोगाचं. कपलर पुण्यात कुठे मिळेल? आणि बेस मॉडेलच्या दारांपर्यंत स्पीकरची वायर आधीच आलेली असते का?

घाटवाट

कपलर आणि डबल डिनची फ्रेम नाना पेठेत बघा, मीटर, हीट-श्रिंक, सोल्डर हे तपकीर गल्लीत. मुंबईकरांना सीएसटी रोड आणि लॅमिंग्टन रोड. फ्रेम घेताना हेडयुनिट सोबत न्या. डबल डिनचं माप १८० बाय १०० मिलिमीटर ठरलेलं आहे, पण स्वस्त फ्रेम दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे असतात आणि मग खड्ड्यात करकरतात.

वायर आली आहे का, ते पॅड उघडल्यावरच कळेल. आली असेल तर तिची टोकं उघडी करून दीड व्होल्टच्या पेन्सिल सेलने टिचकी मारा. स्पीकरचा पडदा बाहेर आला तर सेलचं प्लस लागलंय ती प्लस. दोन्ही दारांना हे करायचंच. एक बाजू उलटी लागली तर खर्ज गायब होतो, आणि माणूस नवा अ‍ॅम्प शोधायला लागतो.

खाडीपलीकडे

दारांवर कोणी बोललंच नाही अजून. आम्ही रत्नागिरीकडचे, दार म्हणजे आमच्यासाठी पाण्याची टाकीच.

काचेच्या फटीतून पाऊस दाराच्या आत उतरतो, आणि तो उतरायचाच असतो. दाराच्या तळाला निचऱ्याची भोकं असतात, तिथून बाहेर जातो. पॅड काढलंत की मागे काळ्या चिकट गोंदाने लावलेला प्लॅस्टिकचा कागद दिसेल. पुष्कळ कारागीर तो टराटरा फाडून फेकतात. मग जुलैत पायाशी मॅट ओली, गाडीला कुबट वास, आणि मालक म्हणतो सनरूफ नसताना पाणी आलं कुठून! तो कागद हळू सोडवा, गोंदासकट परत चिकटवा. किंवा डॅम्पिंग शीटने (थरथर दाबणाऱ्या चिकट शीटने) पत्र्यातली मोठी भोकं पूर्ण बंद करा, म्हणजे कागदाचं काम शीट करते आणि आवाजाला फायदा वेगळाच.

फायदा का होतो तर, स्पीकरचा पडदा पुढे जेवढी हवा ढकलतो तेवढीच मागे खेचतो. दाराच्या आतल्या पत्र्याला हातभर भोकं असतील तर मागची हवा पुढे येऊन पुढचीला खाऊन टाकते, खर्जात जास्त. भोकं बंद केली की तोच स्पीकर, तेच हेडयुनिट, पण डग्गा येतो. ब्यूटिलची शीट घ्या. डांबराची स्वस्त शीट उन्हात घरंगळते आणि वास मारते. बाहेरच्या पत्र्याला आतून सगळीकडे चोपडायची गरज नाही, मधला मोठा भाग झाकला तरी टकटक वाजवून फरक कळतो. निचऱ्याची भोकं मात्र चुकूनही बुजवू नका, नाहीतर दार तळातून कुजेल.

स्पीकरखालची रिंग एमडीएफची नको. दुकानात तीच देतात. दोन पावसाळ्यांत पापडासारखी फुगते. एबीएस प्लॅस्टिकची मिळते, किंवा मरिन प्लाय कापून चारी बाजूंनी ऑइलपेंट मारा. आणि रिंग लावायच्या आधी काच पूर्ण खाली घेऊन बघा, चुंबकाला घासत नाही ना. कम्पोनंटचा क्रॉसओव्हर (खालचे-वरचे सूर वेगळे करणारी डबी) दारात ठेवू नका, डॅशखाली कोरड्यात ठेवा.

पॅडच्या क्लिपा दोनचार तुटणारच. आधीच जास्तीच्या आणून ठेवा. स्क्रू-ड्रायव्हरने उचकटू नका, प्लॅस्टिकची पट्टी वापरा. हँडलच्या आतल्या झाकणामागे एक स्क्रू लपलेला असतो, तो काढल्याशिवाय ओढाताण केली की पॅडच तडकतं.

सोल्डरगन

वा, खाडीपलीकडे. यात एकच भर. साइड एअरबॅग असलेल्या काही नव्या गाड्यांत धक्का ओळखायला दाराच्या आतल्या हवेच्या दाबाचा सेन्सर असतो. अशा दारांची भोकं मनानं बंद करू नयेत. २०१५च्या स्विफ्टला ती चिंता नाही, पण धागा वाचून उद्या कोणी नव्या गाडीवर प्रयोग करेल म्हणून लिहून ठेवतो. तसंच पिवळं कव्हर किंवा पिवळा कनेक्टर दिसला की हात मागे. ती एअरबॅगची वायर. काम सुरू करण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा, काही मिनिटं थांबा, मगच डॅश उघडा. आणि घाटवाटनी सांगितलेली मीटरची तपासणी सोडली (त्यापुरतं टर्मिनल परत जोडायचं) तर डॅश उघडा असताना सहज म्हणून किल्ली फिरवायची नाही.

संत्रा_बर्फी

भाऊ, तुमी सगळे पावसाचं बोलून राहिले, इकडे नागपुरात मे महिन्यात ४५ डिग्री असते. उन्हात उभ्या गाडीत आत किती होत असन विचार करा. काळी पीव्हीसी टेप लावलीत तर दोन उन्हाळ्यांत गोंद वितळून सरकते आणि उघडी तार डॅशमधी लोंबकळते. कापडी हार्नेस टेप घ्या, ज्यानं कंपनी गुंडाळते तीच. जोडाला हीट-श्रिंकच.

अ‍ॅम्प सीटखाली ठेवणार असान तर वरून गालिचा झाकू नका. माझा एक मित्र आहे, त्याचा अ‍ॅम्प दर उन्हाळ्यात दुपारी प्रोटेक्टमधी जाते (म्हणजे स्वतःच बंद पडते) न संध्याकाळी आपोआप सुधरते. चार दुकानं फिरला. अ‍ॅम्पमधी काहीच नव्हतं, बिचाऱ्याचा श्वास कोंडत होता.

आणि उंदीर! बॉनेटमधून वायर नेली तर पन्हाळीदार (वळ्यावळ्यांच्या) प्लॅस्टिक पाइपातून न्या.

रस्सा_मंडळ

उंदराचं मात्र खरं हाय. आमच्याकडं ऊस तुटला की सगळे उंदीर गाड्यांत मुक्कामाला. 😄

बरं सोल्डरगन साहेब, फोर चॅनल अ‍ॅम्पला बॅटरीपासून वायर कितीची टाकायची? मला दुकानात किट दिलंय, चांगली जाडजूड वायर हाय, आरपार लाल.

सोल्डरगन

जाड दिसते म्हणून जाड असेल असं नाही. किटमधल्या स्वस्त वायरीत निम्मा घेर रबराचा असतो आणि आतली तार बहुतेक वेळा तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम असते. अ‍ॅल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारे ६१ टक्के. तपासायला एक तार काढून ब्लेडने खरवडा. आत चंदेरी दिसली तर मुलामा.

हिशोब असा. ५० वॅट आरएमएस गुणिले ४ म्हणजे २०० वॅट बाहेर. साधा क्लास एबी अ‍ॅम्प ओढलेल्या विजेतली साधारण ६० टक्केच स्पीकरला देतो, बाकी गरम होतो. २०० भागिले ०.६, सुमारे ३३३ वॅट. भागिले १३.८ व्होल्ट, २४ अँपिअर. यासाठी शुद्ध तांब्याची ८ गेज पुरते. इलेक्ट्रिकच्या दुकानात मागायची तर १० स्क्वेअर मिलिमीटर. क्लास डी अ‍ॅम्प असेल तर आकडा आणखी खाली येतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फ्यूज बॅटरीजवळ हवा, टर्मिनलपासून वायरच्या अर्ध्या मीटरच्या आत. अ‍ॅम्पवर फ्यूज असतो की, असं बरेच म्हणतात. तो अ‍ॅम्पसाठी. बॅटरीपासून अ‍ॅम्पपर्यंतची चार-पाच मीटर वायर बॉडीला कुठेही घासून सोलली तर अ‍ॅम्पवरच्या फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही, वायर लाल होते आणि गालिचा पेट घेतो. या कामात गाडी जळण्याची खरी जागा हीच. तुमच्या किटमध्ये फ्यूज होल्डर आहे, पण तो कुठे लावलाय ते आज संध्याकाळी बॉनेट उघडून बघा.

इंजिनकडून आत येताना पत्र्यात नवं भोक पाडायची गरज सहसा पडत नाही. मूळ हार्नेस जिथून येतो तिथल्या रबरी ग्रोमेटला चीर देऊन वायर न्या, नंतर सिलिकॉन.

रस्सा_मंडळ

बघितलं. फ्यूज अ‍ॅम्पशेजारी सीटखाली लावलाय. 🙏 उद्याच हलवतो.

आडनाव_नको

मध्येच घुसतोय, माफ करा. माझ्याकडे अ‍ॅम्प बसवल्यापासून इंजिन चालू केलं की कुईंऽऽ असा बारीक आवाज, अ‍ॅक्सिलरेटर दिला की सूर चढतो. दुकानदार म्हणतो फिल्टर लावू. लावू का?

सोल्डरगन

आत्ता नको, फिल्टर शेवटचा. तो आल्टरनेटरचा आवाज आहे, आणि बहुतेक वेळा अर्थिंगमधून येतो. हेडयुनिटचं व्हॉल्यूम शून्य करा. आवाज तसाच राहिला तर दोष हेडयुनिटच्या पुढे, म्हणजे आरसीए वायर (हेडयुनिटकडून अ‍ॅम्पला सिग्नल नेणारी), अ‍ॅम्प किंवा त्याची अर्थिंग.

अ‍ॅम्पची काळी वायर कुठे लावली आहे बघा. सीटबेल्टच्या बोल्टला असेल तर आधी काढा. तो बोल्ट जिवासाठी आहे, त्याच्याशी खेळायचं नाही. जवळच्या पत्र्याचा रंग चमकेपर्यंत खरवडून, रिंग टर्मिनलने घट्ट, अर्ध्या मीटरपेक्षा लांब नको, आणि वरून ग्रीस किंवा रंग, म्हणजे गंज नाही. नंतर बघा, पॉवरची वायर आणि आरसीए एकाच बाजूने आणल्यात का? एक डावीकडून, एक उजवीकडून हवी.

यानेही गेला नाही तर मीटर ओहमवर ठेवून आरसीएचं बाहेरचं कवच आणि हेडयुनिटची धातूची बॉडी यांच्यात मोजा. जवळजवळ शून्य यायला हवं. येत नसेल तर हेडयुनिटाच्या आतला अर्थिंगचा बारीक दुवा उडाला आहे. सिस्टिम चालू ठेवून आरसीए काढघाल केली की असं होतं.

आडनाव_नको

अर्थिंग सीटबेल्टच्याच बोल्टला होती. हलवली, रंग खरवडला. कुईं बंद. फिल्टरचे पैसे वाचले, दुकानदार मात्र फोन उचलत नाहीये.

मंद्रसप्तक

मंडळी, हेडयुनिट आणि पुढची दोन्ही दारं झाली. अ‍ॅम्प अजून घेतलेला नाही.

दारांत स्पीकरची वायर होती, त्यामुळे मोठं काम वाचलं. आधी डाव्या दाराला स्पीकर लावून, भोकं उघडी ठेवून ऐकलं, मग शीट लावून तेच परत. खाडीपलीकडे म्हणाले ते शब्दशः खरं आहे. आधी डग्गा म्हणजे नुसता ठोका होता. शीटनंतर त्याच्यामागची घीस ऐकू येते, मनगट पुढे सरकताना सूर वर जातो ते कळतं. बजेटमधला सगळ्यात वसूल झालेला खर्च हाच. ट्वीटर आरशाच्या आतल्या त्रिकोणी पट्टीवर लावले, पण हार्मोनियम अजून जरा टोचते.

आणखी एक, गाणारा उजव्या कोपऱ्यात बसल्यासारखा वाटतो. बॅलन्स डावीकडे नेला की सगळंच डावीकडे जातं.

सोल्डरगन

चालकाला उजवा स्पीकर जवळ, डावा लांब. जवळच्याचा आवाज आधी पोचतो आणि मेंदू गाणाऱ्याला तिकडे बसवतो. बॅलन्सने हे सुटत नाही, उशीर लावावा लागतो. हेडयुनिटात टाइम अलाइनमेंट आहे का बघा. टेप घेऊन कानापासून दोन्ही स्पीकरचं अंतर मोजा. आवाज १ मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. फरक ५० सेंटिमीटर आला तर उजव्याला दीड मिलिसेकंद थांबवा. गवई डॅशच्या मध्यावर येऊन बसेल. शेजारी बसलेल्यासाठी मात्र सगळं आणखी बिघडेल, तेव्हा घरच्यांना आधी सांगून ठेवा.

टोचण्यासाठी क्रॉसओव्हरवर ट्वीटरला ० आणि उणे ३ डीबी असा जंपर असतो, तो खाली घ्या. आणि हाय-पास फिल्टर ८० हर्ट्झला लावा. दाराच्या स्पीकरला त्याखालचं काम दिलं की तो मधलंही नीट करत नाही.

घाटवाट

अभिनंदन! एक कागदी काम राहिलं. बाहेरून बसवलेली इलेक्ट्रिक वस्तू विम्यात आपोआप येत नाही. पॉलिसीच्या नूतनीकरणाला तिची किंमत वेगळी लिहायला सांगा. आयएमटी २४ नावाचं कलम आहे, सहसा किमतीच्या ४ टक्के जादा हप्ता. बिलं जपून ठेवा, नाहीतर चोरी झाली तर फक्त खण भरून मिळेल, तोही रिकामा.

मंद्रसप्तक

उणे ३ने हार्मोनियम निवळली. टाइम अलाइनमेंट आहे, लावलं, बायको म्हणते आता सगळं तिच्या मांडीवर वाजतंय. 😄 अ‍ॅम्प दिवाळीनंतर. तेव्हा गेन कसा लावायचा ते आत्ताच लिहून ठेवाल का? "बारापर्यंत फिरवा, बास झालं" असं सगळे सांगतात.

सोल्डरगन

गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे, हेडयुनिटचा सिग्नल आणि अ‍ॅम्प यांची उंची जुळवणं. स्पीकर काढून ठेवा. इक्वलायझर सपाट, लाउडनेस आणि बास बूस्ट बंद, फिल्टरही तेवढ्यापुरते बंद. १०० हर्ट्झचा ० डीबी टोन पेन ड्राइव्हवर घ्या. साधा मीटर ४०० हर्ट्झच्या वर एसी व्होल्ट नीट मोजत नाही, म्हणून टोन खालचाच हवा. हेडयुनिट तीन चतुर्थांश व्हॉल्यूमला. अ‍ॅम्पच्या स्पीकर टर्मिनलवर मीटर एसीवर. आता वॅट गुणिले ओहमचं वर्गमूळ काढा. ५० गुणिले ४ म्हणजे २००, वर्गमूळ १४.१. गेन शून्यापासून वर आणत १४ व्होल्टला थांबा, फिल्टर परत चालू करा, स्पीकर जोडा. त्या खुणेवर मार्करने रेघ मारून ठेवा, कारण सर्व्हिसिंगला गाडी गेली की कोणीतरी ती फिरवणारच.